‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ऑनलाइन विक्रेत्यांनी आपले प्रोफाइल पान कसे सजवावे यावर एक लेख आला होता. मी तो दोनदा वाचला. (त्यात ‘विश्वासार्हता’ हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी छापला आहे. ३२ वर्षे मुद्रितशोधनात गेली, त्यामुळे डोळा तिथे अडखळतोच.) हसरा फोटो लावा, आकर्षक ओळख लिहा आणि सुचत नसेल तर एआयकडून लिहून घ्या, असा एकंदर सल्ला होता. मला ‘सजवावे’ हा शब्दच खटकला, म्हणून हे पत्र.

निवृत्त झाल्यापासून मी जुनी फाउंटन पेने दुरुस्त करून ऑनलाइन विकते. सहा वर्षे झाली. सुरुवातीला माझ्या पानावर गुलाबाचे चित्र होते आणि त्याखाली ‘आम्ही दर्जेदार व विश्वसनीय सेवा देण्यास कटिबद्ध आहोत’ असे वाक्य. आयुष्यभर लोकांच्या मजकुरातली असली वाक्ये ऱ्हस्व-दीर्घ तपासून पुढे सोडली, स्वतःच्या पानावरही तेच केले. पहिल्या महिन्यात एकही पेन गेले नाही. मग एका गृहस्थांचा निरोप आला, ‘आपण दुकान आहात की एकच व्यक्ती? पेन गळायला लागले तर मी कोणाशी बोलायचे?’ मी पानाकडे नव्याने पाहिले. आम्ही म्हणजे कोण? मी, दहा पट मोठे दाखवणारे भिंग, टेबलावरचा दिवा आणि पायाशी झोपलेले मांजर. एवढ्या सगळ्यांच्या वतीने मी कटिबद्ध होऊन बसले होते!

त्या गृहस्थांनी माझ्याकडून काही घेतले नाही, पण प्रश्न लाखमोलाचा विचारला. पान वाचणाऱ्याला माझ्या स्तुतीत रस नसतो, त्याला धाकधूक असते. निब कागदावर टेकवून पाहता येत नाही, शाई साठवणारी आतली रबरी पिशवी, म्हणजे सॅक, कुजली आहे का हे फोटोत दिसत नाही. विकणारीला सगळे ठाऊक, घेणाऱ्याला काहीच नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणातून नेमके हेच मांडले होते. चांगली गाडी कोणती आणि भंगार कोणते हे ओळखता येत नसेल, तर गिऱ्हाईक सगळ्यांनाच मधला भाव सांगते. त्या भावात चांगली गाडी देणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात आणि मागे उरते ते भंगार. पुढे २००१ साली त्यांना इतर दोघांबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मी त्यातून माझ्यापुरते घेतले ते असे, की फोटोत जे दिसत नाही ते पानावर लिहायचे.

ईबेच्या जन्माची एक गोष्ट मला फार आवडते. पिएर ओमिड्यार यांनी १९९५ साली ऑक्शनवेब या नावाने लिलावाची साइट सुरू केली, तीच पुढे ईबे झाली. तिथे अगदी सुरुवातीला विकला गेला तो त्यांचा स्वतःचा बंद पडलेला लेझर पॉइंटर. ओमिड्यार यांनी घेणाऱ्याला मुद्दाम विचारले, हा बिघडलेला आहे हे आपल्या लक्षात आले आहे ना? त्यावर उत्तर आले, मी बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो. लोक ही गोष्ट त्या हौशी माणसासाठी सांगतात. माझे लक्ष मात्र ओमिड्यार यांच्या प्रश्नाकडे जाते. दोष सांगून ते थांबले नाहीत, तो समोरच्याला कळला का तेही पाहिले.

तर मी माझ्या पानाचे प्रूफ काढले आणि लाल पेन घेऊन बसले. प्रत्येक वाक्यात माझ्या जागी दुसऱ्या कुणा विक्रेत्याचे नाव घालून पाहिले. तरीही वाक्य खरे ठरले, की मारली काट. ‘दर्जेदार’ गेले, ‘ग्राहकांचे समाधान’ गेले, गुलाबही गेला. शेवटी ‘जुनी फाउंटन पेने’ एवढे तीन शब्द उरले. तिथून पुन्हा लिहायला घेतले. आज पानावर आहे ते असे:

‘जुनी फाउंटन पेने मी एकटीच दुरुस्त करते. प्रत्येक पेनात शाई भरून दोन पाने लिहिते आणि पेन रात्रभर आडवे ठेवते. सकाळी टोपणात शाई दिसली तर ते पेन विकायला ठेवत नाही. सॅक बदलते, निबचे फाकलेले दात जुळवते. झिजलेल्या निबला नवे टोक लावणे मला येत नाही, ते काम घेत नाही. काळे एबनाइट (पेनाचे कडक रबर) उन्हापाण्याने तपकिरी पडले असेल तर तसेच ठेवते, रंगवत नाही. निरोपांना संध्याकाळी सहानंतर उत्तर देते, रविवारी देत नाही.’

‘येत नाही’ हे शब्द पाहून माझा भाचा हादरला. ‘मावशी, हे कशाला? लोक पळून जातील!’ काही गेलेही असतील. पण पूर्वी टोक लावून द्या म्हणून आठवड्याला दोन-तीन निरोप यायचे आणि प्रत्येकाला नाही म्हणताना मलाच अपराधी वाटायचे, ते थांबले. शिवाय जे घेतात त्यांच्यातले कितीतरी जण नेमक्या याच ओळीचा उल्लेख करतात. जिला एक गोष्ट येत नाही असे ती सांगते, तिला बाकीच्या येत असतील असे त्यांना वाटत असावे. रविवारच्या ओळीचाही असाच फायदा. उत्तर केव्हा येईल हे माहीत असलेला माणूस चिडत नाही.

तिसऱ्या वर्षी मात्र मी तोंडघशी पडले. एका पेनाच्या टोपणाच्या काठाला केसाएवढी चीर होती, आणि घेणाऱ्याने शेरा लिहिला, ‘विक्रेतीने दोष लपवला.’ लपवला नव्हता हो, दिसलाच नव्हता! पण हा फरक त्याला कसा कळणार? मी तावातावाने चौदा ओळींचे उत्तर लिहिले. रात्री ते प्रूफ समजून पुन्हा वाचले, तेव्हा त्यातल्या अकरा ओळी माझ्या दुखावलेल्या अभिमानाच्या निघाल्या. उरलेल्या तीन प्रसिद्ध केल्या. चीर आहे. ती माझ्या नजरेतून सुटली. पैसे परत केले आहेत. आणि पानावर एक वाक्य वाढवले, ‘टोपणाचा काठ भिंगातून फिरवून पाहते, कारण एकदा चूक झाली होती.’ तो शेरा अजून तिथेच आहे.

त्याच सुमारास एका प्रयोगाविषयी वाचले आणि जरा धीर आला. पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. ईबेवर जुनी पोस्टकार्डे विकणाऱ्या एका मुरलेल्या विक्रेत्याने सारख्याच पोस्टकार्डांच्या जोड्या लावल्या. एक संच स्वतःच्या जुन्या नावाने विकला, दुसरा नव्या, अनोळखी नावांनी. जुन्या नावाला लोक सरासरी ८.१ टक्के जास्त मोजायला तयार होते. नव्या नावांपैकी काहींना एखाददुसरा वाईट शेरा होता, त्याने किमतीत फरक पडलेला दिसला नाही. एका शेऱ्यापायी मी तीन रात्री जागून काढल्या होत्या! अर्थात यातून हेही कळते, की पान कितीही मन लावून लिहिले तरी नाव एका दिवसात जुने होत नाही. ज्याच्या नावापुढे अजून एकही शेरा नाही, त्याला काही काळ पानावरच निभावून न्यावे लागते.

आता फोटो. ‘हसरा चेहरा हवाच’ हे आपल्या लेखकाचे म्हणणे मला सरसकट मान्य नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयपॉड विकण्याच्या जाहिराती दिल्या होत्या. आयपॉड हातात धरलेला. कुठे हात गोरा, कुठे काळा. काळ्या हाताला प्रतिसादही कमी आले आणि देकारही कमी किमतीचे आले. चेहरा तर दूरच, नुसत्या हाताची ही कथा. तेव्हा चेहरा दाखवण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हे सल्ला देणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. ज्यांना दाखवायचा त्यांनी खुशाल दाखवावा. माझ्या पानावर माझी शाईने डागाळलेली बोटे आहेत, भिंगाखाली निब आहे आणि मागे मांजराची शेपटी आली आहे ती तशीच राहू दिली.

फोटोचे आणखी एक, जे लेखात यायला हवे होते. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश जाऊन बसू शकतात. भाच्याने माझाच एक फोटो उघडून मला नकाशावर माझे घर दाखवले, तेव्हा घाम फुटला. घरचा पत्ता पानावर लिहायचा नाही म्हणून मी इतकी जपत होते, आणि मूळ फोटो मागेल त्याला मेलने पाठवत होते! कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करायला मिनिटभर लागला.

किरकोळ गोष्टी आटपते. फोनवर बहुतेक ठिकाणी आपण लिहिलेल्या ओळखीतल्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचे ‘आणखी वाचा’खाली जाते. म्हणून काय विकता ते पहिल्याच ओळीत यावे, नमस्कार-चमत्कार नंतर. चौकोनी फोटो पुष्कळ ठिकाणी गोल कापला जातो, तो कापून कसा दिसतो ते आधी पाहावे. परतीचे नियम सुंदर अक्षरांत चित्रावर लिहून लावू नयेत. दृष्टिहीन माणसे ज्या सॉफ्टवेअरकडून पान वाचून घेतात, त्याला चित्रातला मजकूर सहसा वाचता येत नाही, आणि शोधणाऱ्याला तो शब्द टाकून सापडतही नाही.

राहता राहिले एआय. मी मुद्दाम लिहून घेऊन पाहिले. ‘लेखनाच्या सुवर्णयुगाचा वारसा जपणारा एक भावपूर्ण प्रवास’ आणि शेवटी ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव’. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, त्यामुळे माझे लाल पेन क्षणभर गोंधळले. पण कसल्या पिढ्या? माझा अनुभव सहा वर्षांचा, आणि सुवर्णयुगाशी माझा संबंध गळकी सॅक बदलण्यापुरता. पानाचे भाषांतर करायला मात्र मी एआयची मदत घेते. एकदा त्याने ‘रंगवत नाही’मधला ‘नाही’ गाळला होता, तेव्हापासून प्रत्येक भाषांतर भाच्याला शेजारी बसवून ओळ न् ओळ तपासते.

आपल्याला एक विनंती आहे. पुरवणीत पुन्हा हा विषय घ्याल तेव्हा तीन-चार विक्रेत्यांची खरी पाने, त्यांची परवानगी घेऊन, जशीच्या तशी छापा आणि शेजारी वाचकांना काय शंका येतात त्या छापा. पहिले पान माझे घेतलेत तरी चालेल. रविवारच्या ओळीवर लोक काय म्हणतात याची मला उत्सुकता आहे.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. : लेखातल्या तीन ‘विश्वासार्हतां’पैकी दुसऱ्या परिच्छेदातली बरोबर आहे.