कॉम्प्युटर लॅबच्या काकांना

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्या ॲनिमे क्लबचं, म्हणजे जपानी कार्टून पाहणाऱ्या क्लबचं, कौतुक झालं. मी माजी विद्यार्थिनी म्हणून आले होते. स्टेजवरून नावं वाचली, त्यात माझंही होतं. तुमचं नव्हतं. तुम्ही तेव्हा हॉलच्या मागच्या बाजूला, प्रोजेक्टरची वायर कोणाच्या पायात येऊ नये म्हणून वाकून तिला चिकटपट्टी लावत होता. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. धीर झाला नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

नववीत हा क्लब सुरू करायला आम्ही पाच जणांनी दिलेला पहिला अर्ज दोन दिवसांत परत आला होता. कार्टून घरी बघा, असं उत्तर मिळालं. तो कागद घेऊन आम्ही लॅबच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तुम्ही कुलूप लावायला आलात, अर्ज मागून घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. ‘‘यात तुम्ही काय मागून राहिले ते दिसते. काय करणार ते कुठी दिसते?’’ असं म्हणालात. मग कुलूप परत उघडलंत, पंखा लावलात आणि आम्हाला बसवलंत. कधी, कुठे, खर्च किती, जबाबदारी कोणाची. चार प्रश्न विचारलेत आणि उत्तरं आमच्याकडूनच लिहून घेतलीत. शनिवारी शाळा सकाळची, अकराला सुटते, लॅब रिकामी असते. खर्च शून्य. जबाबदारीच्या रकान्याशी आम्ही अडलो, कारण शनिवारी थांबायला कुठलेच सर किंवा मॅडम तयार नव्हते. तुम्ही माझ्या हातातलं पेन घेतलंत आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलंत, ‘प्रयोगशाळा सहायक पूर्ण वेळ उपस्थित राहतील.’

त्या ओळीची किंमत तेव्हा मला कळली नाही. तुम्ही कामठीहून गाडीने नागपूरला येता हे माहीत होतं. आमच्यामुळे दर शनिवारी तुमचं जेवण तीनवर जायचं, हे मात्र दोन वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारी दीड-दोनला तोंडाला दुपट्टा बांधून तुम्ही कामठी रोडला लागायचात. आता त्याच वेळेला मी क्लासवरून घरी येते, तेव्हा कळतं.

तुमची अट एकच होती. शाळेच्या मशीनवर चोरून उतरवलेलं काही चालणार नाही. आम्हाला ती फार जड वाटली होती, कारण आमच्या ओळखीतले सगळे तसंच पाहायचे. पण त्या अटीमुळेच आम्ही शोधायला लागलो. म्यूज एशियासारख्या चॅनलवर यूट्यूबवरच कितीतरी मालिका अधिकृतपणे, फुकट मिळतात हे तेव्हा कळलं. आणि मैत्रिणीच्या मामांनी विकत घेतलेली एका पिक्चरची डीव्हीडी मिळाली. त्या डीव्हीडीवरच पुढचं सगळं घडलं.

पहिल्या शनिवारी एकतीस मुलं आली. आम्ही पाच जण पुढच्या रांगेत, पडद्याकडे तोंड करून खूश होतो. तुम्ही मागे उभे होतात, म्हणून तुम्हाला मुलं दिसत होती. पंधरा मिनिटांनी तुम्ही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात, ‘‘पोट्टे पाहून राहिले, पण त्यायले समजून नाही राहिलं.’’ मी वळून पाहिलं. आठवीची, मराठी माध्यमाची मुलं. बोली जपानी, खाली पळणारी अक्षरं इंग्रजी. एक ओळ निम्मी वाचून होते तोच दुसरी. मागच्या बाकावरची तिघं तर एकमेकांच्या वह्यांत फुली-गोळा खेळत होती. पुढच्या शनिवारी ती आली नसती.

‘‘मराठीत लिहा ना मग,’’ हे तुमचंच वाक्य.

ते इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. सबटायटलची एसआरटी फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. ओळीचा क्रमांक, ती कधी दिसणार आणि कधी जाणार त्याची वेळ, खाली वाक्य, मग एक रिकामी ओळ. नोटपॅडमध्ये लिहिता येते. आम्ही पहिल्या आठ मिनिटांची वाक्यं लिहिली, फाइल लावली, आणि पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं उमटली. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. दोन दिवसांचं टायपिंग पुसलं गेलं होतं. आमच्यातल्या एकीला रडू आलं. तुम्ही तिला पाणी दिलंत आणि खुर्ची ओढून बसलात. शाळेची मराठी पत्रकं टाइप करताना तुम्ही यातून गेला होतात. सेव्ह ॲजमध्ये गेलं की खाली एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवायची त्याचा, रकाना असतो, लॅबच्या जुन्या विंडोजमध्ये तिथे आपोआप आन्सी येतं, त्यात देवनागरी टिकत नाही, तिथे यूटीएफ-८ निवडायचं. हे तुम्ही आम्हाला तीनदा करून दाखवलंत आणि मग प्रत्येकाकडून एकेकदा करून घेतलंत. पुन्हा टाइप केलं. पडद्यावर मराठी आली तेव्हा तुम्ही टाळी वाजवली होती, ती मला अजून ऐकू येते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मला खरं तर हे पत्र लिहायचं होतं.

पिक्चरमधलं कुटुंब जेवायला बसतं. मुलगी म्हणते, ‘इतादाकिमास’. इंग्रजीत खाली आलं होतं, चला खाऊ या. आम्ही तेच मराठीत लिहिलं आणि पुढे गेलो. तुम्ही थांबवलंत. ‘‘चला खाऊ म्हणते, तर हात काऊन जोडून राहिली ती?’’ आम्ही चौघींनी आणि एका मुलाने तो प्रसंग त्याआधी दहा वेळा तरी पाहिला होता. हात कोणालाच दिसले नव्हते. आम्ही फक्त खालची इंग्रजी ओळ वाचत होतो. मग शोधलं, तर त्या शब्दाचा अर्थ निघाला, नम्रपणे स्वीकारते. त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी आठवीतला एक मुलगा, जो तोपर्यंत क्लबमध्ये एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, ‘‘आमच्या घरी आजी वदनी कवळ म्हणायला लावते.’’ आम्ही तेवढेच दोन शब्द लिहिले, ‘वदनी कवळ...’ पुढच्या शनिवारी तो प्रसंग आला तेव्हा मागच्या बाकावरच्या त्या तिघांनी पुढचा श्लोक मोठ्याने म्हटला.

त्यानंतर आम्ही आधी आवाज ऐकायचो, हातवारे पाहायचो, आणि इंग्रजी ओळ सगळ्यात शेवटी. घरातून निघताना ते ‘इत्तेकिमास’ म्हणतात. इंग्रजीत नुसतं निघते असं होतं. शब्दशः पाहिलं तर त्यात जाणं आणि येणं दोन्ही आहे. म्हणजे आपलं ‘जाऊन येते’. आपणही घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, आई ओरडते. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना ‘सेन्पाय’ म्हणतात, त्याला दादा-ताई होतंच. मला भाषा आवडते हे मला त्या लॅबमध्ये, तुमच्या प्रश्नामुळे कळलं. बारावीनंतर मी जपानी शिकणार आहे, हे घरी सांगून झालं आहे.

मोगलीचा दिवस आठवतो? नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर तुम्ही जो मोगली पाहायचात, तो जपानचा आहे, निप्पॉन ॲनिमेशनने बनवलेला, १९८९ साली आधी तिकडच्या टीव्हीवर लागलेला, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, शेजारच्यांच्या खिडकीत उभं राहून पाहायचो. त्यांनी कधी खिडकी लावून घेतली नाही. बस, एवढंच. पण तुम्ही लॅब का उघडून दिली ते मला त्या दिवशी समजलं असं वाटतं.

क्लबने हाताने चित्रं काढून केलेल्या मारबतीच्या फिल्मबद्दल स्टेजवर खूप बोललं गेलं, म्हणून थोडक्यात लिहिते. सेकंदाला चोवीस फ्रेम, एक चित्र तीन फ्रेम धरायचं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. पंधरा सेकंदांना एकशेवीस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणारे मोठे पुतळे, काळी आणि पिवळी मारबत, समोरासमोर येतात एवढाच प्रसंग. बक्षीस मुलांना मिळालं ते योग्यच झालं. पण त्या एकशेवीस चित्रांना लागलेले पाठकोरे कागद तुम्ही वर्षभर प्रिंटरजवळ एका खोक्यात साठवले होते. आणि खालचं चित्र वरच्या कागदावर दिसावं म्हणून खिडकीची जुनी काच दोन खोक्यांवर ठेवून खाली एलईडी बल्ब लावला, तोही तुम्हीच. काचेच्या कडेने कोणाचा हात कापू नये म्हणून चारही बाजूंनी काळी टेप लावली होती. ती काच अजून लॅबमध्ये आहे, मी पाहून आले.

आणि ड्रॅगन पॅलेस या बुद्धविहारातली ती सकाळ. जपान पाहायला इतके धडपडता, माझ्या घराजवळ या, असं म्हणून तुम्ही आम्हाला कामठीला बोलावलंत. तिथली चंदनाची बुद्धमूर्ती, ती शांतता. जपानहून आलेले भदंत सुरेई ससाई कित्येक दशकांपासून आपल्या नागपुरातल्या इंदोऱ्यात राहतात, हेही मला तुमच्याकडून पहिल्यांदा कळलं. मी नागपुरातच जन्मले, तरी. मग तुमच्या घरी काकूंनी सगळ्यांना तर्री-पोहे दिले. काकूंनाही माझा नमस्कार सांगा. त्यांचेही शनिवार आम्ही घेतले आहेत.

त्या पिक्चरची शेवटची वीस मिनिटं दहावीच्या परीक्षेमुळे राहून गेली होती. ती मी या दिवाळीत पूर्ण केली. पेनड्राइव्ह आठवीतल्या माझ्या धाकट्या भावाबरोबर पाठवते आहे. यूटीएफ-८ मध्येच सेव्ह केली आहे, दोनदा उघडून तपासली. शेवटून चौथी ओळ रिकामी ठेवली आहे. आई दारात उभी राहून काहीतरी म्हणते, शब्द कळतो, पण तिच्या चेहऱ्याशी जुळेल असं मराठी मला सापडत नाही. शनिवारी मुलांबरोबर पाहा आणि तुम्हाला काय वाटतं ते भावाजवळ लिहून द्या.

तुमची,
दोन वेण्यांवाली, पुढच्या रांगेतली