जोड शोधू नका, सावल्या ताडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दोन फोटोंचे तुकडे जोडून केलेला बनावट फोटो कसा ओळखावा, याविषयी वर्तमानपत्रांतून येणाऱ्या सूचनांत एक सल्ला हमखास असतो: फोटो मोठा करा आणि माणसाच्या कडा बघा. कापून चिकटवल्यासारखी जोडणी व्हायची तोवर हे ठीक होते. आज हा सल्ला वाचकाला भलत्याच जागी बघायला लावतो.

बर्ट आणि एडल्सन या संशोधकांनी १९८३ साली मांडलेल्या, फोटो जोडण्याच्या पद्धतीत फोटोचा आकार पुन्हा पुन्हा निम्मा करत ढोबळ आणि बारीक तपशील वेगळे काढतात. आकाशाचा, भिंतीचा ढोबळ रंग रुंद पट्ट्यात मिसळतात. केसांचा, कापडाचा पोत अगदी अरुंद पट्ट्यात. सगळे एकाच रुंदीत मिसळले, तर पट्टा अरुंद असला की रेघ दिसते आणि रुंद असला की दुहेरी, पुसट प्रतिमा. २००३ मध्ये पेरेझ, गँग्ने आणि ब्लेक यांनी वेगळीच वाट काढली. तुकड्याचे रंग घ्यायचेच नाहीत, शेजारशेजारच्या पिक्सेलमधला फरक तेवढा घ्यायचा. सीमेवर, ज्या फोटोत तुकडा बसवायचा त्याचे रंग तसेच ठेवायचे आणि आतले रंग समीकरण सोडवून काढायचे. मग कड दिसणार कुठून?

या पद्धतीची खोड आतल्या भागात सापडते. कापलेल्या तुकड्याची सीमा झाडीवर टेकली, तर तो रंग आत झिरपतो आणि गालावर हिरवट झाक येते. म्हणून चेहऱ्याचा रंग त्याच माणसाच्या मानेशी, हातांशी ताडावा. फोटोतले दाणेही (रंगातले बारीक, अनियमित ठिपके) बोलके असतात. लहानमोठा केलेला तुकडा आजूबाजूपेक्षा गुळगुळीत पडतो. मात्र ही तपासणी मूळ फाइलवरच करावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो फाइल लहान करण्यासाठी पुन्हा दाबला गेलेला असतो, त्यात दाणे उरत नाहीत.

सावली मात्र दाबूनही टिकते. उन्हातल्या फोटोची छापील प्रत घ्या. टोपीचे टोक आणि त्याच्या सावलीचे टोक, कोपर आणि कोपराची सावली, अशा नेमक्या जोड्या शोधून पट्टीने सरळ रेघा ओढा आणि कागदाबाहेरही वाढवा. सूर्य एकच असल्याने सगळ्या रेघा एका बिंदूत मिळाल्या पाहिजेत, नाहीतर समांतर हव्यात. ऊन फोटोग्राफरच्या पाठीमागून असेल तर तो बिंदू खाली येतो. जमीन उंचसखल असली तरी नियम बदलत नाही, आणि म्हणूनच सावल्यांच्या दिशा नुसत्या नजरेने ताडू नयेत. उतारावर खरी सावलीही वाकडी वाटते. किमान चार जोड्या घ्याव्यात. ढगाळ दिवशी किंवा दोन-तीन दिव्यांच्या मंडपात ही युक्ती चालत नाही.

एकाच जागी काही क्षणांच्या अंतराने काढलेले फोटो जोडले असतील तर प्रकाश जुळतोच. २००३ साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने छापलेले इराकमधले छायाचित्र असेच दोन फोटोंचे होते. ते उघडे पडले, कारण मागच्या गर्दीतली तीच माणसे दोनदा दिसत होती. सभेच्या गर्दीचे फोटो छापण्याआधी मागच्या रांगांतले चेहरे, फेटे, छत्र्या जरूर तपासाव्यात.

जोडणी म्हणजे फसवणूकच, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ‘क्युरिऑसिटी’ यानाने ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी मंगळावर काढलेले स्वतःचे छायाचित्र ५५ फोटोंचे आहे. कॅमेरा धरणारा हात त्यात जवळजवळ दिसत नाही, आणि हे जोडचित्र असल्याचे नासाने सोबतच सांगितले. आपल्या वृत्तपत्रानेही जोडलेल्या छायाचित्राखाली ‘जोडचित्र’ हा शब्द आणि मूळ फोटोंची संख्या छापावी, ही आमची कळकळीची विनंती आहे. वारीचा पॅनोरमा छापतानाही ते हवे: चालणारा वारकरी दोन फोटोंच्या सांध्यावर आला की अर्धाच उरतो किंवा दोनदा उमटतो, आणि खरा फोटो विनाकारण खोटा ठरतो.

आपले,
प्रतिमा-संस्करणाचे दोन अभ्यासक, पुणे