पडद्याविना छोटा संगणक

संपादक महोदय,

नवा संगणक घ्यायचा म्हटले की चर्चा लॅपटॉपपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. परंतु ज्यांचे काम एकाच टेबलावर चालते, त्यांनी पडदा सोबत न येणाऱ्या छोट्या डेस्कटॉपचा विचार अवश्य करावा. ॲपलने जानेवारी 2005 मध्ये मॅक मिनी आणला, तो पडदा, कीबोर्ड आणि माउस यांच्याविना. साडेसहा इंच लांबी-रुंदीचा आणि दोन इंच उंचीचा. 2024 च्या आवृत्तीत लांबी-रुंदी पाच इंचांवर आली. इतर कंपन्यांचे असे संगणक तर पडद्याच्या पाठीमागेही बसवता येतात, कारण तिथल्या चार छिद्रांमधील 75 किंवा 100 मिलिमीटरचे अंतर प्रमाणित असते.

यांतील अनेकांत लॅपटॉपसाठी बनवलेला, कमी वीज खाणारा प्रोसेसर असतो. उष्णता कमी, म्हणून पंखा संथ फिरतो, काहींत तर तो नसतोच. रात्री शांत खोलीत लिहायला बसणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

खरी बचत मात्र पडद्यात आहे. चांगला पडदा दोन-तीन संगणकांना पुरून उरतो, आणि पडदा आणि संगणक एकत्रच असलेल्या एकसंध यंत्रात संगणक जुना झाला की धडधाकट पडदाही (विनाकारण!) बाद होतो. अर्थात जड खेळ किंवा चित्रफितींचे अवजड संपादन करणाऱ्यांनी स्वस्त पेटीच्या मोहात पडू नये. इतरांनी खरेदीपूर्वी मेमरी नंतर वाढवता येते की ती मदरबोर्डवरच (संगणकाच्या मुख्य सर्किट-पाटीवर) कायमची जोडलेली आहे, एवढे आवर्जून विचारावे.

— एक वाचक