सुध्यास, लिऊनंतरच्या पंधरा मिनिटांबद्दल

प्रिय सुध्या,

तुझी दोन पत्रं उत्तराविना पडली आहेत. त्याबद्दलच्या शिव्या पोचल्या असं समज आणि पुढे वाच. तब्येत ठीक. गुडघा होता तसाच, साखर डॉक्टरांच्या मते जास्त, माझ्या मते बेताची. झालं आरोग्य.

आता मुद्द्याचं. बापूच्या तबकड्या वहिनींनी माझ्याकडे पाठवल्या. सगळ्या नाहीत. व्हेर्दी धाकट्याने ठेवून घेतला. वाग्नर कुणालाच नको होता, तो माझ्या गळ्यात पडला. तुला हवा तर स्वतः येऊन घेऊन जा, ते पंधरा तासांचं ‘रिंग’ पाठीवर वाहायला मी मोकळा नाही. पण त्यात बापूचा ‘तूरांदोत’ आहे, पुच्चिनीचा अपुरा राहिलेला शेवटचा ऑपेरा. तोच, तीन तबकड्यांचा, ज्याच्या खोक्यावर तू बसला होतास.

परवा रात्री शेवटची बाजू लावली. बापूच्या तबकड्या कशा वाजायच्या ते तुला ठाऊक आहे. सुई बदलणं म्हणजे त्याला उधळपट्टी वाटायची. तर नेहमीची खरखर चालू. राजपुत्रासाठी जीव देणाऱ्या दासी लिऊचं, राजकन्या तूरांदोतला उद्देशून म्हटलेलं ते ‘बर्फाने वेढलेली तू’ झालं, तिने शिपायाचा खंजीर हिसकला, कोसळली. तिचा म्हातारा धनी तीमूर तिचा हात धरून निघाला, मागे सगळी गर्दी, शेवटी वर एकट्या पिकोलोचा सूर. आणि खरखर बंद! मला वाटलं, आता कानही गेले. पण पुढचं संगीत चालूच होतं, पुच्चिनीमागे अल्फानोने पुरं केलेलं सगळं द्वंद्वगीत, अगदी कोऱ्या तबकडीसारखं. बाजू संपल्यावर ती दिव्याखाली धरली. बाहेरच्या रेषा राखाडी झिजलेल्या, एका वर्तुळाच्या आत मात्र काळ्याभोर. त्या वर्तुळावरच सुई उचलल्याचे बारीक ओरखडे, एकावर एक.

म्हणजे बापू तिथेच थांबायचा. दर वेळी.

आपला बापू! ज्याने अल्फानोच्या त्या शेवटाची बाजू घेऊन आपल्या दोघांशी उभा जन्म भांडण केलं, तुला ‘अरसिक’ आणि मला ‘कारकून’ म्हटलं, तो बापू! मी हसत सुटलो आणि मग हसता येईना. हे सांगायचं तरी कुणाला? शिऱ्या असता तर त्यालाही कळलं असतं. आता तूच उरलास.

तुझं म्हणणं मला अजून पाठ आहे. मृत्यूने पुच्चिनीला अडवलं नाही, तो आधीच अडकला होता. १९२४च्या वसंतात लिऊचा मृत्यू वाद्यवृंदासकट लिहून तयार होता. ब्रुसेल्समध्ये घशाच्या कॅन्सरवरच्या रेडियमच्या उपचारांनंतर तो गेला २९ नोव्हेंबरला. मधले इतके महिने फक्त शेवटचं द्वंद्वगीत बाकी, त्याचे शब्द आदामी आणि सिमोनी पुन्हा पुन्हा लिहून देतायत आणि ह्याचं समाधान होत नाहीये. उरले ते २३ कागदांवरचे आराखडे. त्यात एके ठिकाणी ‘मग त्रिस्तान’ (वाग्नरचा ऑपेरा) एवढीच टीप. त्या दोन शब्दांवर तू जी मालकी सांगितलीस, जणू पुच्चिनीने मरताना वाग्नरचं सभासदत्व घेतलं, ती मी आजही मान्य करत नाही. अडचण त्रिस्तानची नव्हतीच. जिच्या हुकमावरून लिऊचा छळ झाला, ती बाई तिचं प्रेत नजरेआड होतं न होतं तोच एका चुंबनाने विरघळते, हे सुरांत पटवायचं कसं?

आणि लिऊ त्याने स्वतःच आणली होती ना! गोझ्झीच्या १७६२च्या मूळ नाटकात ती नाही. तिच्या त्या शेवटच्या गाण्याचे शब्दसुद्धा पुच्चिनीनेच लिहिले. त्याच्या घरी काम करणारी दोरिया मानफ्रेदी १९०९ साली विष पिऊन गेली, त्याची बायको एल्व्हीरा तिच्यावर उघड उघड आळ घेत होती म्हणून. शवविच्छेदनात ती निर्दोष ठरली, एल्व्हीराला शिक्षा सुनावली गेली, पुच्चिनीने पैसे भरून प्रकरण मिटवलं. लिऊमध्ये दोरिया पाहणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला एक. ह्यावर तू ‘वश्या, तुला सगळीकडे मोलकरणी दिसतात’ असं म्हणाला होतास. ते मी विसरलेलो नाही.

बापूचा बचाव आठव. अल्फानोवर कुणी बोट ठेवलं की तो ‘शकुंतला’ काढायचा. अल्फानोने कालिदासावरून ‘साकुंताला’ केलं, ते १९२१ला बोलोन्यात रंगमंचावर आलं, युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात स्वरलिपी नष्ट झाली असं समजून बिचाऱ्याने ते १९५२ला पुन्हा उभं केलं, आणि पुढे मूळ प्रतही सापडली. ‘ज्याने शकुंतलेची परत भेट घडवली, त्याला तूरांदोत जमणार नाही?’ युक्तिवाद काही नाही, पण बापू हात असा उडवून बोलायचा की वाटायचं, असेलही! मग पहिल्या प्रयोगाच्या संगीतसंचालकावर, तोस्कानिनीवर घसरायचा, कारण अल्फानोच्या पहिल्या शेवटाला त्याने कात्री लावली आणि आपण बहुतेक वेळा ऐकतो तो हा कापलेला. ‘कापलेल्या कोटावरून शिंप्याला नावं ठेवता?’

आता चोख पुरावा बघ. बापू कायम ते शेवटचं कोरस गुणगुणायचा. पण ती चाल तर ‘नेस्सून दोर्मा’ची, त्याच अंकाच्या सुरुवातीला येते, आणि १९९०च्या विश्वचषकानंतर पावारोत्तीच्या गळ्यातून ती फुटबॉलवाल्यांनाही पाठ झाली. तिने काही सिद्ध होत नाही. उलट तूरांदोतचं ‘देल प्रीमो प्यान्तो’, म्हणजे पहिल्या अश्रूंचं गाणं, अल्फानोच्या भागातलं तिचं एकमेव मोठं गाणं, त्याबद्दल बापू कधी अवाक्षर बोललेला तुला आठवतो? मला नाही. मीच ते काढायचो आणि तो विषय बदलून शकुंतलेवर जायचा. डोळ्यांसमोर घडत होतं, सुध्या, आणि आपण दोघं एकमेकांना खोटं पाडण्यात दंग.

हे सगळं गमतीचंच राहिलं असतं. पण पुढच्या महिन्यात बापूला जाऊन वर्ष होतंय. वहिनींना भाषणं नकोत, सगळ्यांनी बसून संगीत ऐकायचं आहे, आणि ते काम माझ्याकडे. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, त्यांचं ते तूरांदोतचं शेवटचं लावा. त्यासाठी किती भांडायचे तुमच्याशी!’ मी हो म्हणालो. तेव्हा तबकडी वाजवली नव्हती.

आता काय लावू? अल्फानो लावला तर वहिनींचं समाधान होईल, कोरस दणक्यात संपेल, आणि बापूच्या नावाने आपण ती पंधरा मिनिटं ऐकू जी तो ऐकत नव्हता. लिऊशी थांबवलं तर सगळे माझ्याकडे बघणार आणि वहिनी विचारणार, पुढचं कुठे? थांबण्याला आधार आहे म्हणा, त्याहून मोठा मिळणार नाही. २५ एप्रिल १९२६, ला स्काला, पहिलाच प्रयोग. तोस्कानिनीने लिऊच्या मृत्यूनंतर छडी खाली ठेवली. काय बोलला ते साक्षीदार वेगवेगळं सांगतात, पण प्रयोग तिथे संपला आणि अल्फानोचा शेवट नंतरच्या प्रयोगांपासून आला. म्हणजे बापू घरी बसून रोज तोच पहिला प्रयोग करत होता. (हे वाक्य सुचल्यावर मला आनंद झाला, मग स्वतःचाच राग आला. त्या दिवशी म्हणून दाखवणार नाही.)

धाकट्याने तिसराच पर्याय काढला. २०२४ला वॉशिंग्टनमध्ये क्रिस्टोफर टिनने लिहिलेला नवा शेवट झाला, तो लावा म्हणे, तिथे तूरांदोतला निदान मन आहे. त्या पिढीचं बरं आहे, पटला नाही शेवट की नवा करून घेतात. २०१८ला फ्लॉरेन्सला नाही का, बिझेच्या कार्मेनने तिचा जीव घेणाऱ्या डॉन होसेलाच उलट गोळी घातली, आणि पहिल्याच रात्री पिस्तूल उडलं नाही! बिझेचं भूत होतं म्हणायचं ते. पण मी धाकट्याला हसलो नाही. शेवट बदलण्याचा धंदा ऑपेराइतकाच जुना आहे. मोन्तेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ घे. १६०७च्या छापील संहितेत शेवटी मद्यधुंद बाया ऑर्फेओवर चाल करून येतात, १६०९च्या छापील स्वरलिपीत अपोलो येऊन त्याला स्वर्गात नेतो. दोनच वर्षांत! आणि ग्लुकने तर १७६२ला आपल्या ऑर्फेओला मेलेली बायकोच परत दिली.

खरी भीती मला बेर्गच्या ‘लुलू’ ऑपेराची वाटते. बेर्ग १९३५ला गेला, तिसऱ्या अंकाचं वाद्यलेखन अपुरं राहिलं. त्याच्या बायकोने, हेलेनाबाईंनी, त्या अंकाला कुणाला हात लावू दिला नाही. १९३७पासून जग दोनच अंक ऐकत राहिलं. त्या १९७६ला गेल्या, तेव्हा कुठे १९७९ला पॅरिसमध्ये बुलेझने चेर्हाने पुरा केलेला अख्खा प्रयोग केला. चेर्हाने काम आधीच गुपचूप करून ठेवलं होतं. नवऱ्याचं अर्धं राहिलेलं जसंच्या तसं जपायचं की पुरं करायचं, हे बायकोने ठरवायचं असतं की नाही? तू तेव्हा हेलेनाबाईंना वाट्टेल ते बोलला होतास. आता वहिनींसमोर बोलून दाखव.

आणि आणखी एक टोचतं. बापू खोटारडा नव्हता. मग न ऐकलेल्या शेवटासाठी एवढा का भांडायचा? एकदा ऐकून त्याला पटला नसेल, पण पटायला हवा असं वाटत असेल? की आपण दोघं एका बाजूला होतो म्हणून तो दुसऱ्या बाजूला गेला आणि मग परतीचा रस्ता राहिला नाही? धाकट्याचं ते प्रकरण झालं त्या वर्षी तो म्हणाला होता, ‘माणूस विरघळतो रे, वेळ लागतो.’ मी समजलो तूरांदोतबद्दल बोलतोय.

असो. तुझं राहिलंच. पोरीला नोकरी लागली, फार छान. तिला माझ्याकडून आशीर्वाद, आणि पहिला पगार तुझ्या वाग्नरवर घालवू नकोस म्हणावं. मोतीबिंदूचं उरकून टाक, घाबरण्यासारखं काही नाही. घराचा वाद कोर्टात गेला नाही हे उत्तम. तू सारिआहोचं ‘इनोसन्स’ पाहून जे लिहिलंस ते पुन्हा वाचलं. गोळीबारात मेलेली ती मुलगी रंगमंच सोडतच नाही आणि शेवटी आईलाच म्हणते, आता मला जाऊ दे. तुला आवडलेलं मला आवडावं, असं फार वर्षांनी झालं. सवय लावून घेऊ नकोस.

तर मला तुझं मत हवं आहे. ‘तुला वाटेल ते कर’ असं लिहिलंस तर ‘पार्सिफाल’च्या दुसऱ्या अंकात तू कसा घोरत होतास ते तुझ्या पोरीला कळवीन. सध्या माझा बेत असा: वहिनींना तबकडीचं सांगायचं नाही, तबकडीही लावायची नाही. धाकट्याच्या यंत्रावर दुसरं ध्वनिमुद्रण, लिऊपासून अगदी शेवटपर्यंत, अल्फानोसकट. वहिनींनी मागितलंय, त्यांना मिळेल. फक्त लिऊची मिरवणूक गेली की मी उठून दाराशी जाऊन उभा राहणार, आणि तू आलास तर तुलाही उठावं लागेल. लोक म्हणतील, ही दोघं अजून भांडतायत. म्हणू देत.

यायचं जमेल का ते आधी कळव, मग मत.

तुझा,
वश्या

ता. क. बेरिओचा २००२चा तो हळू विझणारा शेवट सुचवू नकोस. सगळ्यांत चांगला तोच आहे हे मलाही माहीत आहे, पण बापूने त्याला ‘झोपेची गोळी’ म्हटलं होतं, आणि तो मात्र त्याने नक्की पुरता ऐकला होता. आपण शेजारी बसलो होतो.