गाळ काढा, पण मगरीचे चार महिने सोडून

संपादक साहेब, नमस्कार.

सावित्री नदीतला गाळ काढलाच पाहिजे, यात आम्हा महाडकरांमध्ये दोन मतं नाहीत. जुलै २०२१ च्या पुरानंतर मी आठवडाभर घरातला चिखल उपसलाय, त्यामुळे पुढचं वाचून मला कुणी पर्यावरणवाला समजू नका.

महाबळेश्वरला उगम पावून कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेला गेल्या आणि आमची सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूरवरून महाडला आली. इथे पोचेपर्यंत तिचा उतार संपलेला असतो, वर काळ आणि गांधारी पण इथेच येऊन मिळतात, आणि खालून बाणकोट खाडीच्या भरतीचा फुगवटा, म्हणजे सगळं एकाच वेळी आलं की पाण्याने जायचं कुठे? ते थबकतं आणि डोंगरातनं आणलेली माती इथेच टाकतं. पण याच संथ पाण्यामुळे आणि मातीच्या काठांमुळे मगरी इथे आहेत हेही खरं. थंडीत सकाळी दहाच्या सुमारास दादली पुलावरून बघा, चार-पाच तरी आ वासून ऊन खात पडलेल्या असतात, आणि बाजूला बगळे बिनधास्त फिरत असतात!

आता मुद्दा असा की मगरीण उन्हाळ्याच्या तोंडाला काठावर खड्डा करून त्यात २५-३० अंडी घालते, वरून माती लोटते आणि दोनेक महिने राखण करते. पिल्लं आतून ओरडायला लागली की स्वतः खड्डा उकरून त्यांना तोंडात धरून पाण्यात सोडते. आणि पोकलेन नदीत उतरतो तोही नेमका याच दिवसांत, कारण पावसाळ्यात तर काम होत नाही. ड्रायव्हरला कुठे काय पुरलंय ते कसं कळणार, त्याचा दोष नाही.

म्हणून सुचवतोय की दिवाळीनंतर लगेच काठाजवळचं काम उरकावं आणि फेब्रुवारी ते मे मशीन फक्त पात्रातल्या बेटांवर चालवावं, तेही आधी वनखात्याच्या माणसाने फिरून बघितल्यावर. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या परिशिष्टात आहे, तेव्हा हे काही कुणावर उपकार नाहीत.

आणि हो, पुलावरून चिकनच्या दुकानातला कचरा टाकणाऱ्यांनी तेवढं बंद करा, मगरी त्यामुळेच माणसाजवळ यायला शिकतायत.

– एक महाडकर