शेडमधला चोरकप्पा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर शेतातल्या शेडमध्ये ‘चोरकप्पा’ केलाय म्हटल्यावर तू जे खिदळत सुटलास, त्यात माझं सांगणं राहूनच गेलं. म्हणून हे लिहितोय.

गेल्या वर्षी विहिरीवरची केबल गेली, तुला ठाऊक आहेच. सकाळी बांधावर जळकं काळं रबर तेवढं पडलेलं. तांब्यासाठी चोर केबल तिथंच जाळतात. त्यानंतर स्टार्टर, केबलची वेटोळी, पान्यांचा डबा रोज घरी न्यायचा आणि पुन्हा शेतात आणायचा. कंबर बोलायला लागली.

तुमच्या वाड्यातलं बळद, ते भिंतीतलं धान्याचं कोठार, आठवतं? वरून जोंधळा ओतायचा आणि खाली वीतभर भोकातून काढायचा. भिंतच तीन फूट जाड, तिच्या पोटात काय आहे कुणाला कळणार? माझी शेड पत्र्याची, दहा बाय बारा. पत्र्याला पोट कुठलं? म्हणून मागच्या पत्र्यापासून सव्वा फूट सोडून प्लायची खोटी भिंत उभी केली.

पहिली अडचण मापाची. बाहेरून बारा फूट आणि आतून पावणेअकरा, हे अडाण्यालाही उमगतं. पत्र्याच्या पन्हळी मोजल्या की झालं. मग बाहेरून त्या टोकाला कडब्याच्या पेंढ्या रचल्या आणि आत बाजूच्या भिंतीला खताची रिकामी पोती, ठिबकच्या नळ्या, फवारणी पंप असला पसारा लावला. भिंत सलग दिसलीच नाही तर तिची लांबी कोण मोजणार?

दार म्हणजे त्याच प्लायचा दोन फुटांचा तुकडा. बिजागऱ्या आतून. कडी नाहीच. खुरपी अडकवायच्या चार खुंट्यांपैकी तिसरी फिरवली की आतली खिट्टी सरकते. सुताराला म्हटलं, फट दोन सूतच, म्हणजे पाव इंच, ठेव. तो म्हणाला, पावसाळ्यात फुगेल. मी शहाणा, ऐकलं नाही. जुलैत दार असं गच्च बसलं की मोटर चालू करायला स्टार्टर निघेना. भर पावसात, डोक्यावर पोतं घेऊन, पहारीनं उचकटलं. आता रंधा मारून कड चांगली बोटभर मोकळी केलीय आणि फटीवर पोत्याची पट्टी लोंबकळत सोडलीय.

खरी फजिती पुढेच. सगळं झाल्यावर थोरल्या लेकीला म्हटलं, शोध. ती दारात उभी राहिली, आतही आली नाही, आणि म्हणाली, “बाबा, तेवढीच भिंत स्वच्छ कशी?” स्क्रूची डोकी चकाकत होती, प्लाय पिवळाधमक, आणि दार घासून जमिनीवर अर्धचंद्र उमटलेला! मग शेणकाला फासला, स्क्रूंना जळकं ऑइल आणि धूळ चोळली, दार अर्धा इंच वर घेतलं, खाली भुस्सा पसरला. जळमटं मात्र हातानं करता येत नाहीत. त्याला कोळ्याचीच वाट पाहावी लागली. महिन्याभरानं वरच्या कोपऱ्यात एकानं जाळं धरलं, तेव्हा मी सुताराची उरलेली मजुरी चुकती केली.

आत फवारणीची औषधं ठेवत नाही. कोंदट जागेत त्यांचा वास भरतो आणि पोरं खुंटीशी खेळतात. पत्र्याला पहाटे घाम सुटतो, म्हणून सामान चार इंच उंच फळीवर. तरी उंदीर शोधून काढतातच. त्यांच्यापुढं कसली आलीय लपवाछपवी.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं, ती जमिनीतली कोठारं, आपण सायकलवर बघायला गेलो होतो, आठवतं? जमिनीखाली एवढा माल आणि वर नुसती साधी माती. कंदील सोडून आत हवा आहे का बघायचे, विझला तर कुणी उतरायचं नाही. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी बुडाली. माझ्या कप्प्याला कृष्णेचं भय नाही, पण वरून पत्रा गळतोय, तो या उन्हाळ्यात बदलेन.

तिसरी खुंटी तुला लिहून बसलो खरा. सुतार, घरची मंडळी आणि लेक सोडली तर आता तूच. वाचून झालं की पत्र फाड. हळद शिजवायला घेऊ तेव्हा ये, स्टार्टर तुझ्याच हातानं काढायला लावतो.

तुझाच,
जुना भिडू