वस्तू उलटी करून पाहणाऱ्या परीक्षक बाईंना

आदरणीय परीक्षक बाई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांमधून उत्कृष्ट कारागिरीची निवड तुम्ही केलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. ती ज्या रीतीनं केलीत, त्याबद्दल तर फारच.

तुम्ही प्रत्येक वस्तू उलटी केलीत. भरतकामाची मागची बाजू, भांड्याचं बूड, हातातल्या कड्यावर सांधा जोडणारं रेण कुठं ओघळलंय ते. झगमगीत पॉलिशची पेटी बाजूला ठेवलीत आणि नुसतं तेल लावलेल्या पेटीचं झाकण पुन्हा पुन्हा उघडून मिटलंत. चारही कोपरे एकदम टेकत होते. मग ती करणाऱ्या मुलीला विचारलंत, "तळाची फळी हलते, ती चिकटवली का नाहीस?" वर्गात फारशी न बोलणारी ही मुलगी सांगू लागली: लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं, फळी चिकटवली तर सांधे उकलतील किंवा फळीच तडकेल, म्हणून ती खाचेत मोकळी सोडली. हाताला जे जमलं त्यामागचा विचार तिच्या तोंडून ऐकण्याची संधी तुम्ही दिलीत. एरवी असं काम 'साधं' म्हणून मागं पडतं, आणि ते मला फार लागतं.

गुण मात्र तुम्ही या गप्पांच्या आधीच, नावं झाकून दिले होते. माणसाबद्दलचं एकंदर मत त्याच्या एकेका गुणवैशिष्ट्याच्या मोजणीत झिरपतं, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं. शिक्षकांच्या लाडक्या विद्यार्थ्यांबाबत तर हे सहज घडू शकतं. वर्ल्डस्किल्स या व्यवसाय-कौशल्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतली रीतही तुम्ही आणलीत. मापांचे गुण वेगळे. जे पारखावं लागतं त्याला तिघा परीक्षकांनी स्वतंत्रपणे ० ते ३ गुण द्यायचे. १ म्हणजे व्यवसायात चालण्याजोगं काम. गुणांत एकापेक्षा जास्त अंतर पडलं की पुन्हा वस्तू हातात घेऊन चर्चा.

आणि हे सगळं सुरू होण्याआधी तुम्ही चौकशी केलीत की सगळ्यांना हत्यारं आणि वेळ सारखा मिळाला होता का. बोथट पटाशीनं केलेल्या सांध्याची तुलना धारदार पटाशीच्या सांध्याशी कशी करणार? हा प्रश्न परीक्षक विचारतो तेव्हा विद्यार्थ्यांना निकाल आपला वाटतो.

निवड न झालेल्यांच्या वस्तूंवर तुम्ही लिहिलेले शेरे मुलं अजून एकमेकांना वाचून दाखवतात. पुढच्या निवडीलाही तुम्हीच यावं, ही आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
एक कलाशिक्षिका